आणे, छटाक आणि संगणक

(ट्रस्टच्या अमृतमहोत्सवी समारंभात सौंसर येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या ट्रस्टला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असताना चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ट्रस्टच्या वसतिगृहात कंदिलाच्या उजेडात ज्या मुलांनी गणिते सोडविली त्यांपैकी मी एक. पुढे नागपुरास शिकलो आणि भौतिकशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेले. तेव्हा आज जे सांगावयाचे ते घरच्या माणसाने घरच्या माणसांस सांगावे तसेच सांगणार आहे. त्यात काही उणेअधिक झाल्यास आपण सांभाळून घ्यालच.

आजचा विषय मला दोन गोष्टींनी सुचविला. पहिली अशी. यंदा शिष्यवृत्तीच्या मुलाखतींसाठी मला बोलाविले होते. बारावीतील एक मुलगी समोर बसली. घरी मराठी, शाळा हिंदी, आणि पुढे शिकावयाचे संगणकशास्त्र, म्हणजे पुस्तके इंग्रजी. मी म्हटले, “बाळ, तुला काही विचारावयाचे आहे काय?” ती जरा घुटमळली आणि म्हणाली, “आजोबा, कॉम्प्युटरला आपला ळ येतो का?” तिच्या आडनावात ळ आहे. शाळेच्या दाखल्यावर त्याचा ल झाला, आणि तेथून पुढे प्रत्येक कागदावर तो ल च राहिला. हे यंत्रामुळे झाले असे तिला वाटत होते. ज्या यंत्राला आपले नावही धड लिहिता येत नाही त्या यंत्राचे शास्त्र आपण शिकावे कसे, हा तिचा खरा प्रश्न होता.

दुसरी गोष्ट. आपल्या चिटणीसांनी मला ट्रस्टच्या जुन्या वह्या दाखविल्या. पहिल्या सात वर्षांचा हिशेब रुपये, आणे, पैमध्ये आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि त्याच वहीत नवे पैसे दिसू लागतात. त्या महिन्यातील एक नोंद अशी : दानपेटीत सुटे आणे ३७, एकेक धरल्यास न. पै. २२२, एकत्र धरल्यास न. पै. २३१, एकत्र धरले. बस, एवढेच. कोणा मुनीमजींनी ही ओळ लिहिली ते आज सांगता येणार नाही. पण त्या एका ओळीत संगणकाच्या गणिताचा मोठा धडा आहे. त्या मुलीचा ळ आणि मुनीमजींचे नऊ नवे पैसे यांचा संबंध काय, ते मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

जगातील राशी दोन प्रकारे आपल्यासमोर येतात. काही अखंड असतात, काही तुटक. जाम नदीला पूर येतो तेव्हा पाणी हळूहळू चढते. एक बोट आणि दोन बोटे यांच्यामध्येही ते कोठेतरी असतेच. घाण्यातून पडणारी तेलाची धार, दुपारचे ऊन, गाणाऱ्याचा स्वर, या सर्व अखंड राशी. याच्या उलट झाडावरची संत्री. ती शंभर असतील किंवा एकशे एक. साडेशंभर संत्री झाडावर लागत नाहीत. संत्री मोजावयाची असतात, त्यांचा रस मापावयाचा असतो. एखादी अखंड राशी तिच्याचसारख्या कमीजास्त होणाऱ्या दुसऱ्या राशीने दाखविली, जसे ताप चढला की नळीतला पारा चढतो, तर तो झाला अनुरूप संकेत; यालाच अ‍ॅनालॉग म्हणतात. आणि तीच राशी आकड्यांनी दाखविली तर तो झाला अंकीय संकेत, म्हणजेच डिजिटल.

आता कोणी म्हणेल, पाणी अखंड असताना त्याचे आकडे कसे करावयाचे? आपल्या आयाबहिणी ते पिढ्यान् पिढ्या करीत आल्या आहेत. पायऱ्यांच्या विहिरीवरून आलेली बाई सांगे, “पाणी सातव्या पायरीवर आहे.” पाण्याला पायरी ठाऊक नाही. ते सहावी आणि सातवी यांच्यामध्येही असू शकते. पण सांगणारीने जवळची पायरी पकडली आणि एक आकडा सांगितला. दररोज सकाळी तिने हा आकडा सांगितला आणि कोणी तो लिहून ठेवला, तर वर्षभराच्या पाण्याची कहाणी ३६५ आकड्यांत उतरली. यात दोन गोष्टी आल्या : किती वेळा पाहावयाचे, आणि पायरी केवढी ठेवावयाची. अंकीय संकेताचे सारे शास्त्र या दोन प्रश्नांवर उभे आहे.

दूरध्वनीच्या अंकीय पद्धतीत आवाजाकडे सेकंदाला ८,००० वेळा पाहतात आणि प्रत्येक वेळी त्याची उंची २५६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवितात. १९८२ साली बाजारात आलेल्या संगीताच्या कॉम्पॅक्ट डिस्कवर हीच गोष्ट सेकंदाला ४४,१०० वेळा केलेली असते आणि पायऱ्या ६५,५३६ असतात. हे आकडे मनाला येतील तसे घेतलेले नाहीत. अमेरिकेत हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या निबंधातून आणि पुढे क्लॉड शॅनन यांच्या लेखनातून असा नियम निघाला की, आवाजात सेकंदाला जास्तीत जास्त जितकी कंपने असतील त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा त्याकडे पाहिले, तर त्या आकड्यांवरून मूळ लहर पुन्हा उभी करता येते. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० पर्यंत कंपने ऐकू येतात. म्हणून चव्वेचाळीस हजार.

एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर आपल्या रेल्वेमार्गाजवळ मिळेल. पांढुर्णा हे इटारसी-नागपूर मार्गावरचे स्टेशन. अशा मार्गांच्या कडेने पूर्वी तारेचे खांब असत. लांबच्या प्रवासात विजेचा संकेत क्षीण होतो आणि त्यात खरखर मिसळते. संकेत अनुरूप असेल तर वाटेत त्याला बळ देताना खरखरीलाही बळ मिळते. प्रत्येक टप्प्यावर दोघेही वाढतात. पण तारेच्या कट्टकड्ड भाषेत मधल्या माणसाला एवढेच ठरवावयाचे असे की, आले ते कट्ट की कड्ड. ते त्याने ओळखले की पुढे तो स्वच्छ, नवा संकेत पाठवी; खरखर तेथेच राहिली. आपली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, परंतु तिचे हे तत्त्व प्रत्येक मोबाइलमध्ये जिवंत आहे.

दोनांतून एक ओळखणे सोपे असते, हे या तत्त्वाचे मर्म. संगणकाच्या पोटात विजेची असंख्य बटणे असतात. जुन्या काळी सर्वत्र वापरलेल्या एका जातीच्या मंडलांत पाच व्होल्टची वीज असे. दाब ०.८ व्होल्टच्या खाली असला तर शून्य समजावयाचे आणि २ व्होल्टच्या वर असला तर एक. मधली जागा मुद्दाम मोकळी सोडलेली, जसा दोन शेतांमधला धुरा. त्या धुऱ्यामुळे शेजाऱ्यांचे भांडण होत नाही. थोडी खरखर आली तरी शून्याचा एक होत नाही. जॉर्ज बूल यांनी १८५४ साली होय-नाहीचे बीजगणित ग्रंथरूपाने मांडले होते. १९३७ साली शॅनन यांनी विद्यार्थिदशेतील आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, विजेची बटणे योग्य रीतीने जोडली तर ते बीजगणित यंत्राकडून करवून घेता येते. संगणकाची कोनशिला ती हीच.

परंतु शून्य आणि एक या दोनच अंकांनी मोठ्या संख्या लिहावयाच्या कशा? येथे विद्यार्थी घाबरतात. मला मात्र येथे माझ्या आजीच्या तराजूची आठवण येते. आजी गूळ आणि डाळ विकी. तिच्यापाशी पाच वजने होती : छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर आणि शेर. एका शेराचे सोळा छटाक. म्हणजे ही वजने अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ छटाकांची. प्रत्येक वजन आधीच्याच्या दुप्पट. या पाच वजनांत एक छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत कोणतेही पुरे वजन होते, आणि प्रत्येक वजन एकाच रीतीने होते. तेरा छटाक गूळ पाहिजे? अच्छेर ठेवा, पावशेर ठेवा, अदपाव ठेवू नका, छटाक ठेवा. आठ, चार आणि एक मिळून तेरा. ठेवले तेथे एक लिहा, न ठेवले तेथे शून्य लिहा, मोठ्या वजनापासून लहानाकडे या : शून्य, एक, एक, शून्य, एक. झाली तेराची द्विमान संख्या! माझी आजी निरक्षर होती, पण दिवसभर द्विमान पद्धतीत हिशेब करीत होती. जर्मनीचे लायब्निझ यांचा या पद्धतीवरचा निबंध १७०३ सालचा. आपल्या बाजारातील तराजूला त्याची वाट पाहावी लागली नाही.

वृत्ते शिकलेल्या मंडळींना आणखी एक दाखला देतो. लघु आणि गुरू ही दोनच चिन्हे. तीन अक्षरांचा एक गण. म्हणून गण आठ. दोन गुणिले दोन गुणिले दोन. ‘यमाताराजभानसलगम्’ या दहा अक्षरांत कोठूनही लागोपाठ तीन अक्षरे उचला, एक गण मिळतो, आणि आठही गण एकेकदाच मिळतात. लघूला शून्य आणि गुरूला एक म्हणा. य गण म्हणजे शून्य-एक-एक, र गण म्हणजे एक-शून्य-एक. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघुगुरूंचे सर्व प्रकार क्रमाने मांडण्याची रीत दिलेली आहे. आपण ते पाठ केले, मात्र ती मोजण्याची विद्या आहे हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

आपली नेहमीची संख्यापद्धती दहाची, कारण हाताला बोटे दहा. तिची खरी थोरवी दहामध्ये नाही, स्थानात आणि शून्यात आहे. आपल्याच मध्य प्रदेशात ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा एक शिलालेख आहे. त्यात देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात सांगितली आहे, आणि त्या २७० मधले शून्य आजच्यासारखेच लहानसे गोल काढलेले आहे. आकडा कोणत्या जागी बसला यावरून त्याची किंमत ठरते, आणि रिकामी जागा शून्य राखते. ही रीत एकदा समजली की पाया दहाचा असो, दोनाचा असो की सोळाचा असो, गणित तेच.

सोळा म्हटले म्हणून सांगतो. द्विमान संख्या फार लांबलचक होतात, तेव्हा संगणकाचे कारागीर चार-चार अंकांचे गट करतात. चार अंकांत सोळा संख्या बसतात, शून्य ते पंधरा. म्हणून ते सोळाच्या पायावर लिहितात. नऊपर्यंत नेहमीचे आकडे, आणि दहा ते पंधरासाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही इंग्रजी अक्षरे. मुलांना हे मोठे अवघड वाटते. वडीलधाऱ्या मंडळींनो, आपल्याला ते वाटू नये. आपण सोळा आण्यांच्या रुपयात वाढलेले लोक. १६५ आणे म्हणजे किती? दहा रुपये पाच आणे. संगणकवाला तेच ‘ए पाच’ असे लिहितो. २५५ आणे म्हणजे पंधरा रुपये पंधरा आणे. तो लिहितो ‘एफ एफ’. संगणकाच्या पडद्यावर रंग सांगावयाचा तर तांबडा, हिरवा, निळा यांची तीन मापे द्यावी लागतात. संत्र्याच्या रंगाचे ठरलेले माप असे : तांबडा एफ एफ, हिरवा ए पाच, निळा शून्य शून्य. आपल्या बगीच्यांतील फळाचा रंग आणेवारीच्या हिशेबात लिहिलेला आहे, हे पाहून मला तरी आनंद होतो.

येथवर सर्व गोड झाले. आता तुटक मोजणीची दुसरी बाजू पाहू. पायरी आली की पायरीपेक्षा लहान असलेले काहीतरी गळते. प्रश्न असा की, ते जाते कोठे?

१९५७ साली मी चौथीत होतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घसे बसले होते, आणि एका दिवशी गुरुजी म्हणाले की आता रुपयाचे शंभर नवे पैसे. शंभराला सोळाने भागले तर एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव नव्या पैशाचे नाणे कोठे होते? म्हणून सरकारी तक्ता आला : एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५. आता पाहा. चार आणे एकत्र दिले तर पंचवीस मिळत. तेच चार आणे वेगवेगळे दिले तर चोवीस. एकेक करून सोळा आणे दिले तर रुपयाचे शहाण्णव नवे पैसेच हाती येत. चार नवे पैसे हवेत विरत. चोरी कोणी केली नव्हती. प्रत्येक वेळी पाव पैसा गळत होता, आणि तो दर वेळी एकाच बाजूला गळत होता.

आता आपल्याला मुनीमजींची ती ओळ समजेल. सदतीस आणे एकेक धरले तर सदतीस साहे दोनशे बावीस. एकत्र धरले तर दोन रुपये पाच आणे, आणि तक्त्याप्रमाणे पाच आण्यांचे ३१. म्हणजे दोनशे एकतीस. आधी सर्व एकत्र करा आणि तोडमोड शेवटी एकदाच करा, हा नियम त्यांनी कोणत्याही ग्रंथावाचून शोधून काढला. तो दानाचा पैसा होता, म्हणून नऊ नव्या पैशांसाठीही त्यांनी विचार केला.

संगणकालाही हीच अडचण येते, फक्त उलट बाजूने. रुपयाचा सोळावा भाग दशमानात नीट बसेना. तसा एकाचा दहावा भाग द्विमानात बसत नाही. रुपयाचा दहावा भाग म्हणजे १.६ आणे. आपल्यापाशी नाणी आहेत ती अधेली, पावली, दोन आणे, आणा, अर्धा आणा, पैसा अशी निम्म्यानिम्म्याची. एक आणा आणि अर्धा आणा मिळून दीड झाला. वर पैसा, म्हणजे पाव आणा, टाकला तर पावणेदोन, म्हणजे जास्त. न टाकला तर कमी. नाणी आणखी कितीही वेळा निम्मी केली तरी थोडे उरतेच. संगणक कोठेतरी थांबतो आणि उरलेले सोडून देतो.

या सुटलेल्याची किंमत एकदा माणसांच्या प्राणांनी मोजली गेली. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरबस्तानातील दहरान येथे अमेरिकेच्या पेट्रियट नावाच्या क्षेपणास्त्ररोधी यंत्रणेचा संगणक सुमारे १०० तास अखंड चालू होता. तो वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजी, आणि तो दहावा भाग त्याच्या चोवीस अंकी जागेत पुरता बसत नव्हता. एका वेळची चूक सेकंदाच्या कोट्यंशाएवढी. पण १०० तासांत दहावे भाग छत्तीस लाख होतात. तेव्हा चूक साठून सुमारे ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात येणारे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे गेलेले असते. यंत्रणेने त्याला चुकीच्या जागी शोधले. ते तिला सापडले नाही, आणि २८ सैनिक मृत्यू पावले. कोणत्याही एका वेळी फारसे काही हरवले नव्हते. थोडे थोडे, एकाच बाजूला, छत्तीस लाख वेळा गळले, एवढेच.

आपण म्हणाल, युद्धाची गोष्ट आपल्याला काय करावयाची? म्हणून घरची सांगतो. माझा पुतण्या संत्र्याचा बगीचा करतो. काही वर्षांपूर्वी मृग बहाराची फळे त्याने कॅरेटवर तोलून विकली. मी काट्याजवळ उभा होतो. काटा इलेक्ट्रॉनिक, आकडे लाल आणि स्पष्ट, दशांशचिन्हापुढचेही. लिहिणारा मात्र प्रत्येक कॅरेटचे पुरे किलोच वहीत लिही; पुढचे आकडे लिहीतच नव्हता. बावीस किलो आठशे ग्रॅम म्हणजे बावीस. मी पुतण्याला खुणावले. तो म्हणाला, “काका, आकडा मशीनचा आहे, त्यात काय खोटं असणार?” मी म्हटले, “मशीन खोटे बोलत नाही रे. पण वही मशीनचे सगळे ऐकत नाही.” मग आम्ही खाली बसून मातीवर हिशेब केला. कधी शंभर ग्रॅम सुटतात, कधी नऊशे. सरासरी अर्धा किलो धरावा. कॅरेट एकशे वीस. म्हणजे साठ किलो संत्री वहीत आलीच नाहीत. आकडा जवळच्या पायरीवर बसविला असता तर कधी आपले गेले असते, कधी त्याचे, आणि बहुतेक फिटले असते. पण नेहमी खालच्याच पायरीवर बसविले तर नेहमी एकाचेच जाते.

भांडण आम्ही केले नाही. पुढच्या गाडीला पुतण्याने एवढेच म्हटले की, दहा-दहा कॅरेट एकत्र तोला. बारा तोल झाले. दर तोलाला सरासरी अर्धा किलो सुटला तरी नुकसान सहा किलोंचे, साठांचे नव्हे. मुनीमजींनी १९५७ साली जे आण्यांचे केले तेच आम्ही संत्र्यांचे केले. शेतकरी बांधवांना माझे सांगणे एवढेच की, काट्याच्या पट्टीवर इंग्रजी ‘ई’ अक्षरापुढे एक आकडा छापलेला असतो, ती त्या काट्याची पायरी. ती आधी पाहा. धर्मकाट्यावर ती कित्येक किलोंची असते. तेथे पुरी गाडी तोलावी, चार कॅरेट तोलू नयेत. इलेक्ट्रॉनिक काट्याची वर्षातून एकदा सरकारी तपासणी होऊन शिक्का लागलेला असला पाहिजे. तो मागून पाहण्यात लाज नाही. आणि वहीत पुरा आकडा लिहून घ्या.

आता त्या मुलीच्या ळ कडे येतो. संगणकाला अक्षर समजत नाही, संख्या समजते. म्हणून जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना एकेक क्रमांक दिलेला आहे. या तक्त्याला युनिकोड म्हणतात, आणि १९९१ च्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आहे. सोळाच्या पायावर ल चा क्रमांक ०९३२ आणि ळ चा ०९३३. म्हणजे दोघे अगदी शेजारी; द्विमानात लिहिले तर फक्त शेवटच्या अंकाचा भेद, ल ला शून्य आणि ळ ला एक. आपल्या हिशेबात एका आण्याचा फरक! तेव्हा, बाळ, संगणकाला आपला ळ येतो. त्याने त्यासाठी जागा राखून ठेवली आहे. दाखल्यावर जे झाले ते माणसाने केले. ज्याच्या यादीत ळ ही पायरीच नाही, तो कानावर आलेला ळ जवळच्या पायरीवर, म्हणजे ल वर, बसवितो आणि पुढे जातो. म्हणून पोळ्याचा कागदोपत्री पोला होतो. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो; २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सीमा कोठेही पडोत, सीमेवरच्या माणसाच्या नशिबी हे जवळच्या पायरीवर बसविले जाणे असतेच. त्याबद्दल राग धरून उपयोग नाही. एका वेळी एक आणा जातो तेव्हा काही वाटत नाही. पण तो पिढ्यान् पिढ्या एकाच बाजूला जाऊ लागला तर रुपयाच जातो. आपले नाव पुरे लिहून मागणे हेही काट्याचा पुरा आकडा लिहून मागण्यासारखेच आहे. तो हट्ट नव्हे, हिशेब आहे.

विद्यार्थिमित्रहो, हे शास्त्र परक्यांचे आहे असे मानू नका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक बांधण्यात आला आणि १९६० साली तो काम करू लागला. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने परम हा महासंगणक तयार केला. त्या कार्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातले, नागपुरास शिकलेले. आपल्यासारख्याच कापसाच्या मुलखातले. तेथून येथवर वाट आहे. इंग्रजी पुस्तकांची भीती वाटेल, ती वर्षभरात जाते. मात्र तुम्ही पुढे जे कार्यक्रम लिहाल त्यांवर कोणाचे तरी वजन, कोणाची तरी मजुरी, कोणाचे तरी नाव तोलले जाणार आहे. तेव्हा आधी विचारा, माझी पायरी केवढी? तिच्याखाली जे गळते ते कोणाचे? ते नेहमी एकाचेच तर गळत नाही ना? जाणते कारागीर पैशाचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकांत ठेवीत नाहीत, पुऱ्या पैशांत ठेवतात, ते याचसाठी.

आपल्या ट्रस्टने पंचाहत्तर वर्षे शिष्यवृत्त्या दिल्या, वसतिगृह चालविले. त्याची मोठी कामे इतर वक्त्यांनी सांगितली. मला त्याची थोरवी त्या एका ओळीत दिसली. दानपेटीतले सुटे आणे, बहुधा गरिबांनीच टाकलेले. त्यांतील पाव पैसाही वाऱ्यावर जाऊ नये म्हणून एका माणसाने दोन रीतींनी हिशेब केला, दोन्ही वहीत लिहिले, आणि कोणती रीत धरली तेही लिहिले. विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की ती वही जपून ठेवावी, आणि संगणक शिकावयास जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला जाण्यापूर्वी ते पान दाखवावे.

आणि त्या मुलीचा शिष्यवृत्तीचा धनादेश लिहिताना आडनावात ळ लिहावा.